गाडीपुढचा माणूस

नगर स्टेशनच्या मालधक्क्यावर बैलगाड्यांची रांग लागायची तेव्हा खाजाभाईची गाडी लांबूनही ओळखू यायची. बाकीचे गाडीवान पोती रचून झाली की कासरा हातात घ्यायचे. खाजाभाई आधी वाकून जुवाखाली पंजा घालायचा, जू किंचित वर उचलून बघायचा आणि जोडीदाराला म्हणायचा, "एक पोतं मागं घे." कधी म्हणायचा, "अर्धा हात पुढं." गाडी धुरजड झाली, म्हणजे पुढून जड पडली, तर बैलांच्या माना सोलतात. उलाळ झाली, म्हणजे मागं कलली, तर चढावर जू वर उचलतं आणि बैलांचे गळे आवळतात. त्याची गाडी दोन्ही नसायची. माल तेवढाच, बैल तसेच, रस्ता तोच. पण माळीवाडा वेशीपाशी दुसऱ्यांचे बैल फेसाला आलेले असत आणि याचे कान हलवत पुढं निघून जात.

त्याचा जोडीदार शांतवन लोंढे. तो मूळचा नेवाशाकडचा. बाप गेल्यावर आईबरोबर नगरला आला, ख्रिस्ती वाडीत राहिला आणि मिसरूड फुटायच्या आधी पाठीवर पोतं घेतलं. पुढं त्याचं मार्थाशी लग्न झालं, तेव्हा वरातीला खाजाभाईची गाडी होती, शिंगं रंगवलेली. गाडी आणि बैल खाजाभाईचे, पाठ शांतवनची, अशी त्यांची भागी. खाजाभाई वयानं बराच मोठा. अंगानं शिडशिडीत, दाढी मेंदीनं लाल केलेली. तो पोतं उचलत नसे. बैलाशी बोलणाऱ्यानं पोतं उचलायचं नाही, दम लागला की आवाज बदलतो आणि आवाज बदलला की बैल बुजतो, असं त्याचं म्हणणं. हमाल हसायचे. पण तांबडा आणि कोसा हे त्याचे दोन बैल त्या आवाजावर चालत, त्याच आवाजावर थांबत. चाबूक गाडीत असे, साट्याच्या फळ्यांखाली अडकवलेला.

माल जायचा आडते बाजारात, एका शेठच्या वखारीला. वखारीचं तोंड मागच्या बोळात होतं. बोळ अरुंद आणि उताराचा. उताराच्या टोकाला एका बंद पडलेल्या हौदाची दगडी भिंत. भरलेली गाडी तिथं थांबवणं हे त्या बाजारातलं सगळ्यांत अवघड काम होतं. भार मागून रेटतो, बैलाचे खूर फरशीवर सरकतात, आणि एकदा गाडी सुटली तर भिंतीशिवाय तिला कोण अडवणार?

या दोघांची रीत ठरलेली होती. वखारीच्या दाराशी आलं की खाजाभाई खाली उतरायचा, बैलांच्या पुढं जाऊन त्यांच्याकडे तोंड करून उभा राहायचा. दोन्ही तळवे दोन्ही नाकपुड्यांपाशी धरायचा आणि खालच्या आवाजात म्हणत राहायचा, "हो... हो रे... हो." बैल गुडघे ताठ करून मागच्या भाराला थोपवून धरत. तेवढ्यात शांतवननं मागच्या अंगानं येऊन चाकाखाली दगड सारायचा. दगड नुसता टाकून चालत नसे. त्याची धारेची बाजू फरशीच्या सांध्यात बसली पाहिजे. बसला, हातानं हलवून पाहिला, की शांतवननं ओरडायचं, "लागला!"

ती हाक आल्याशिवाय खाजाभाई बैलांपुढून हलत नसे. मग मागून टांगा येवो, शेठ येवो, पाऊस येवो. एकदा कचेरीतल्या शिपायानं वाट अडली म्हणून आईबहिणीवरून शिव्या दिल्या. त्यानं मानही वळवली नाही. एक हमाल त्याला चिडवायचा, "खाजाभाई, शांत्या जेवायला घरी गेला तर दिवसभर असंच उभं ऱ्हानार का?"

"ऱ्हाईन की," खाजाभाई म्हणायचा. "बैल थांबल्यात तर मला काय झालं?"

लढाईच्या वर्षांत गाडीवानांना बरे दिवस आले. गावात ज्या काही लॉऱ्या होत्या त्या सरकारनं नेल्या, उरल्या त्यांना पेट्रोल मिळेना. रेशनचं धान्य, मीठ, रॉकेलचे डबे, भिंगारच्या कॅम्पातलं सामान, सगळं बैलाच्या मानेवर आलं. खाजाभाईनं गाडीच्या चाकांना नवी लोखंडी धाव बसवून घेतली. रजिया, त्याची बायको, हिनं दाराशी बैलांसाठी दगडी गव्हाण बांधून घेतली. त्यांना मूलबाळ नव्हतं. बैलांना पेंड घालायचं काम तिचं. कोसा दुसऱ्या कुणाच्या हातचं खात नसे.

मग लढाई संपली आणि लष्करानं आपल्या जुन्या लॉऱ्या लिलावात काढल्या. शेठनं एक घेतली. हिरवट रंगाची, पुढून बोकडासारखी नाकाड. तिच्याबरोबर डायव्हरही आला. पुंजाराम, पारनेर तालुक्यातला. लष्करात राहून इटलीपर्यंत गाडी चालवून आलेला. माणूस वाईट नव्हता. बिडी पाजायचा, गोष्टी सांगायचा. धक्क्यावर वॅगनची वाट बघत सगळे बसलेले असले की तो तिकडच्या बंदरांतलं सांगायचा. बोटीतून पेटारा निघतो तो लोखंडी हातानं, तोच हात तो लॉरीत ठेवतो, लॉरी दुकानाच्या दारात नेऊन टाकते, दुकानदार नुसता दार उघडतो. एवढी मोठाली शहरं, पण मालाला जुंपलेला बैल त्याला तिथं कुठंच दिसला नव्हता म्हणे. मुंबईतसुद्धा आता तेच सुरू झालंय.

खाजाभाईनं एवढंच विचारलं, "मंग तिथली गाडीवानं काय करत्यात?"

पुंजारामनं जरा आठवून पाहिलं. ते काही त्यानं बघितलं नव्हतं.

लॉरी एका खेपेत चार गाड्यांचा माल न्यायची आणि बैलांनी वेस गाठेपर्यंत परत धक्क्यावर यायची. रांगेतल्या गाड्या उभ्याच राहू लागल्या. गाडीवानाचं दुखणं असं, की गाडी उभी राहिली तरी बैल खातो. माणूस एक वेळ पाणी पिऊन निजेल. बैलाला ते सांगता येत नाही. कोणी गाडी गावाकडे नेली, कोणी वीटभट्टीवर लावली. खाजाभाई रोज येत राहिला. सकाळी बैल सोडून झाडाखाली बांधायचा, दुपारी परत जुंपायचा, आणि रिकामी गाडी घेऊन घरी जायचा. रिकाम्या गाडीचा आवाज भरलेल्या गाडीपेक्षा मोठा असतो. बाजारातून जाताना लोक वळून बघत.

शेठला शांतवन मात्र हवा होता. लॉरी माल वाहते, उचलत नाही. धक्क्यावरून वर आणि वरून वखारीत, ते पाठीलाच करावं लागतं. त्यानं शांतवनला लॉरीवर बोलावलं. शांतवन दोन दिवस धक्क्याकडे फिरकलाच नाही. तिसऱ्या दिवशी खाजाभाईच त्याच्या वाडीत आला, दारातच उभा राहिला, मार्थानं दिलेलं पाणी प्यायला आणि म्हणाला, उद्यापासून लॉरीवर जा. 

त्याच महिन्यात त्यानं घोडेगावच्या बाजारात बैल विकले. जोडी एकत्र घेणारं गिऱ्हाईक मिळालं नाही. तांबडा एकाकडे गेला, कोसा दुसऱ्याकडे.  गाडी दारात तिरकी ठेवलेली, धुरी जमिनीला टेकलेली. गव्हाणीत शेजारच्यांची कोंबडी अंडी घालू लागली.

बैल गेल्यावरही तो धक्क्यावर यायचा. गाडीवानांच्या झाडाखाली बसायचा. वॅगन लागली की उठून उभा राहायचा, आणि मग आपल्याला उठायचं कारण नाही हे ध्यानात येऊन परत बसायचा. शांतवनला पाठीवर पोतं असतानाही ते दिसायचं. पाठीवर पल्ल्याचं जड पोतं असलेल्या माणसाला खरं तर पुढच्या चार पावलांशिवाय काही दिसू नये. पण हे दिसायचं. एक दिवस त्यानं पुंजारामला मध्ये घालून शेठला विचारलं, म्हाताऱ्याला लॉरीवर घ्या, हलकं काम देऊ, डबे उतरवील, मालावर नजर ठेवील. शेठ कुरकुरत हो म्हणाला.

मग शांतवन रजियाकडे गेला, कारण खाजाभाई तिचं ऐकायचा. रजिया तांदूळ निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं नाही.

"त्यांनी जल्मात पोतं उचललं न्हाई," ती म्हणाली. "त्या लारीचं त्यांना काय कळतं?"

"उचलायचं माज्याकडं, भाभी. मी हाय त्यांच्यासंगं."

"तुमी हायसा म्हनून धाडते," ती म्हणाली.

खाजाभाई लॉरीवर आला. शांतवननं त्याला उचलायची रीत शिकवायचा प्रयत्न केला. कमरेतून वाकायचं नाही, गुडघ्यांत बसायचं. पोतं मानेवर नाही, मानेखाली खांद्याच्या दोन फऱ्यांच्या मध्ये घ्यायचं. उठताना श्वास सोडायचा, चालताना पाऊल बारीक टाकायचं. खाजाभाई सगळं ऐकायचा आणि पोतं अंगावर आलं की मान पुढं काढायचा, बैलासारखी. तीच सवय त्यानं जन्मभर बघितलेली. मग त्याच्याकडे डबे आणि गुळाच्या ढेपा एवढंच राहिलं, आणि गाडी वखारीशी उभी असताना मालावर लक्ष.

लक्ष ठेवायला सगळे मागं उभे राहतात, माल मागून उतरतो म्हणून. खाजाभाई पुढं उभा राहायचा. लॉरी बोळात थांबली की तो उतरून तिच्या नाकापुढं जायचा, तिच्याकडे तोंड करून. पुंजाराम हसायचा.

"मामा, ती काय चाऱ्याकडं पळत न्हाई. या, सावलीत बसा."

खाजाभाई हसायचा, पण हलायचा नाही. दुसऱ्या दिवशी परत तिथंच.

शांतवननंही पहिले काही दिवस जुनीच रीत ठेवली. बोळात लॉरी थांबली की चाकाखाली दगड सारायचा आणि "लागला" म्हणायचा. मग खाजाभाई पुढून सरायचा. पुंजारामला याचं फार हसू यायचं. ब्रेक म्हणून एक वस्तू असते, ती ओढली की गाडी जागची हलत नाही, हे त्यानं दोघांना दांडा ओढून दाखवलं. हसण्यावरच राहिलं असतं, पण एकदा शेठनं दगड पाहिला. धारेचा दगड रबराला कापतो, आणि त्या वर्षी टायर सोन्याच्या भावानंही मिळत नव्हतं. शेठनं सगळ्यांदेखत शांतवनला झापलं आणि दगड गटारापलीकडे फेकायला लावला. रबराला धक्का न लावणारा लाकडी ठोकळा सुताराकडून करून घ्यावा असं शांतवनच्या मनात आलं. सुतार माळीवाड्यात होता, रोजच्या वाटेवर. आज सांगू, उद्या सांगू असं चाललं होतं. दगड नाही म्हणून हाकही बंद झाली; खाजाभाई माल उतरेपर्यंत पुढं उभाच राही.

दसरा होऊन गेला होता. सकाळची वेळ. वॅगनीतून मीठ आणि पेंड आली होती. मीठ ओल धरून जड झालेलं. लॉरी वखारीशी थांबली. पुंजारामनं ब्रेक ओढला आणि तो कोपऱ्यावर चहाला गेला. शांतवननं मिठाचं पोतं पाठीवर घेतलं, दाराच्या दोन पायऱ्या उतरला आणि आतल्या अंधारात थप्पीकडे निघाला. पोत्यातून खारं पाणी मानेवर ओघळत होतं. तेवढ्यात बाहेरून आवाज आला.

"हो... हो रे... हो."

बैल विकल्यापासून हा आवाज त्यानं ऐकला नव्हता. आधी त्याला बरंच वाटलं. मग बाहेर बैल नाहीत हे त्याच्या ध्यानात आलं.

त्यानं पोतं टाकलं. कुठं पडलं ते पाहिलं नाही. बाहेर आला तेव्हा लॉरी चाललेली होती, माणूस चालतो त्याहूनही हळू. खाजाभाई तिच्या नाकावर दोन्ही तळवे ठेवून उलट्या पावलांनी मागं सरत होता. टाच टेकवायचा, ती फरशीवरून घसरायची, परत टेकवायचा. घाबरला नव्हता. तो लॉरीकडे बघतही नव्हता. त्याची मान कलती होती, डोळे मागच्या चाकाकडे लागलेले, जिथून शांतवन यायचा.

बाजूला व्हायला जागा होती. वेळही होता. बोळातली माणसं तसं ओरडतही होती, पण ज्याची हाक त्याला हवी होती ती त्यांत नव्हती. शांतवननं दगडासाठी इकडेतिकडे पाहिलं. बोळ झाडून स्वच्छ केलेला होता. तो चाकाला खांदा देऊन आडवा झाला. बैलगाडीच्या चाकाला आरे असतात, हात घालता येतो. याला धरायलाच काही नव्हतं. चाक त्याच्या खांद्याचं कातडं घेऊन पुढं गेलं. "सरा, खाजाभाई, सरा," असं तो म्हणाला असं लोक सांगत. त्याला स्वतःला आठवत नव्हतं. मग हौदाची भिंत आली.

लॉरीला काही झालं नाही. पुढचा एक दिवा फुटला.

सरकारी दवाखान्यात खाजाभाई दुसऱ्या दिवसापर्यंत होता. बहुतेक वेळ शुद्ध नव्हती. रजियाला बायकांनी बाहेर बसवलं होतं. शांतवन खाटेशी बसलेला, खांद्याला पट्टी बांधलेली. दुपारकडे खाजाभाईनं डोळे उघडले, त्याला ओळखलं आणि कामाचा निरोप द्यावा तशा आवाजात म्हणाला, "मी उभा हुतो. तुजी हाक आली न्हाई."

रागानं बोलला नाही. असं झालं, एवढंच. पाणी हवं का म्हणून त्यानं विचारलं. खाजाभाईनं डोळे मिटले आणि असरच्या, तिसऱ्या प्रहरच्या बांगेच्या आत तो गेला.

मयताला खांदा द्यायला शांतवनला कोणी अडवलं नाही. तिथं रीत अशी की खांदा एकानं फार वेळ धरायचा नाही, दहा पावलं गेलं की मागच्याला द्यायचा, पुण्य सगळ्यांना मिळावं म्हणून. शांतवननं धरला तो धरला. पट्टी बांधलेलाच खांदा दिला होता. खाजाभाई हलका होता, त्याच्या पाठीला ते ओझं कळतही नव्हतं, आणि तेच त्याला सोसत नव्हतं. शेवटी एका म्हाताऱ्यानं त्याच्या कोपराला हात लावला. "भाऊ, द्या आता. दुसऱ्यालाबी सवाब घेऊ द्या." आयुष्यात त्याला ओझं खाली ठेवायला कुणाला सांगावं लागलं नव्हतं. तो बाजूला झाला आणि मागून चालत राहिला.

पुढच्या आठवड्यात बाजारात बोलणं सुरू झालं. पंचनाम्यात लिहून गेलं की माणूस आपण होऊन गाडीपुढं आला. ते खोटं नव्हतं. पुंजारामनं ब्रेक पुरता ओढला होता असं शपथेवर सांगितलं, बिचारा रडलाही. शेठला ते सोयीचं होतं. मग त्यावर लोकांनी आपापली भर घातली. बाजूला व्हायला जागा असताना माणूस सरत का नाही? बैल गेल्यापासून त्याचं चित्त ठिकाणावर नव्हतंच. झाडाखाली बसलेला सगळ्यांनी बघितला होता. बैलांपायी जीव दिला म्हाताऱ्यानं. आठ दिवसांत हेच खरं ठरलं.

शांतवननं धक्क्यावर सांगून पाहिलं, की तो हाकेची वाट बघत होता. नव्या हमालांना ते कळेना. एक जण म्हणाला, लॉरी अंगावर येताना कुणी हाकेची वाट बघतं का, काहीतरीच. उरलेल्या दोन-चार गाडीवानांत सहादेव म्हणून एक जुना माणूस होता, त्याला काही समजावून सांगावं लागलं नाही. "हाक आल्याबिगर कसा सरंल?" एवढं तो म्हणाला आणि तंबाखू मळत राहिला. पण गाडीवानाचं ऐकायला आता बाजारात कोण बसलं होतं?

ते बोलणं रजियाच्या दारापर्यंत गेलं. सांत्वनाला आलेल्या एका बाईनंच ते पोचवलं. बायकोचा तरी विचार करायचा होता, असं ती म्हणून गेली. त्यांच्यात स्वतःचा जीव देणं हे मोठं पाप. रजियानं तेव्हापासून दार लोटून घेतलं. नवरा गेल्यावरच्या इद्दतीत बसलेली बाई, चार महिने बाहेर यायची नव्हतीच; पण आता बायकांनाही आत घेईना. मार्था आठवड्यातून एकदा भाकरी घेऊन जायची. ती परत येऊन सांगायची की रजिया रडत नाही, गव्हाणीकडे बघत बसते. एकदा मात्र तिनं मार्थाला विचारलं होतं, मी त्यांना काय कमी केलं?

त्या रात्री मार्थानं नवऱ्याला जेवू घातलं आणि मग म्हणाली, "तुमी तिला सांगा."

शांतवन म्हणाला, सांगितलं तर सगळंच सांगावं लागंल. दगड नव्हता तेही. ठोकळा करायचा राहिला तेही. मी आहे म्हणून तिनं त्यांना धाडलं होतं.

"म्हनूनच," मार्था म्हणाली. तिनं ताट उचललं.

तो दोनदा रजियाच्या गल्लीपर्यंत गेला. एकदा दाराशीही गेला. तिरक्या गाडीच्या धुरीवर पोरं झोका खेळत होती, त्यांना त्यानं हाकललं आणि परत आला.

इद्दत संपल्यावर रजियाचा भाऊ बेलापूरहून आला. घर मोकळं करायचं ठरलं होतं. भावाकडे थोडी जमीन होती, बहिणीला तो घेऊन जाणार होता. निघायच्या दिवशी शांतवन सकाळीच गेला. एक पेटी, एक वळकटी, भांड्यांचं बोचकं. टांगा नको म्हणाला. पेटी पाठीवर घेतली, बोचकं हातात. स्टेशनपर्यंत भाऊ पुढं, रजिया मध्ये, हा मागं. मालधक्क्यावरून जाताना रजियानं बुरख्याआडून झाडाकडे पाहिलं. झाडाखाली एकच गाडी होती.

भाऊ तिकिटाच्या खिडकीशी गेला. शांतवननं पेटी फलाटावर ठेवली. गाडीला अजून अवकाश होता. रजिया पेटीवर बसली. शांतवन उभाच राहिला.

"भाभी," तो म्हणाला, "त्यांनी जीव दिला न्हाई."

बुरखा त्याच्याकडे वळला.

मग त्यानं तिला बोळातली रीत सांगितली. इतकी वर्षं नवरा रोज ते करत होता, पण घरी कोण असलं सांगतो? उतार कसा, बैलांपुढं तो कसा उभा राहायचा, दगड कुठं बसवायचा, हाक कशी द्यायची. हाक आल्याशिवाय तो कधी, कधीच हलला नाही. त्या दिवशीही तसाच उभा राहिला. दवाखान्यात काय म्हणाला तेही शांतवननं शब्द न बदलता सांगितलं.

रजिया ऐकत होती. रुळांपलीकडे कुणीतरी कोळसा फोडत होतं.

"मंग सरायचं त्यांच्या मनात आलंच नसंल," ती म्हणाली. "वाट बघत हुते."

"व्हय."

"आनि तुमी?"

"माज्या पाठीवर पोतं हुतं. दगड न्हवता. शेठनं टाकायला लावला हुता. ठोकळा करून घ्यायचा, त्यो मी केला न्हाई."

तिनं चेहऱ्यावरचा पडदा बाजूला केला आणि त्याच्याकडे नीट पाहिलं. असं तिनं कधी पाहिलं नव्हतं. तो शिवीची वाट बघत होता. तिनं दिली असती तर त्याला बरं झालं असतं.

"हे बाजारात सांगितलंत?"

"हाकेचं सांगितलं. कुनाला पटलं न्हाई."

"आमच्या मौलवीसाबांना सांगा," ती म्हणाली. "त्यांना पटंल. तेवढं करा. आनि मागनं बेलापूरला येऊ नका, भाऊ. भेटायला म्हनून येऊ नका."

पडदा परत खाली आला. गाडी लागली. शांतवननं पेटी आत चढवली, फळीखाली सरकवली, हलणार नाही अशी बोचक्याची आड लावली. खिडकीतून तिनं बाहेर पाहिलं नाही. भावानं हात वर केला.

संध्याकाळी तो मशिदीपाशी जाऊन बाहेरच्या ओट्याशी उभा राहिला. मौलवी बाहेर आले तेव्हा त्यांना त्यानं सगळं पहिल्यापासून सांगितलं. ते ओट्यावर बसून ऐकत राहिले. शेवटी त्यांनी विचारलं, पुढच्या जुम्याला चार माणसांसमोर हे असंच सांगशील का? दगडाचंही?

शांतवन हो म्हणाला.

सांगितलं त्यानं. खाली मान घालून, पण सगळं. काहींनी मान हलवली, काही उठून गेले. दुसऱ्या दिवशी शेठच्या कानावर दगडाची गोष्ट गेली आणि लॉरीवरचं त्याचं काम सुटलं. पुंजारामनं त्याला निघताना बिडी दिली. ती त्यानं घेतली.

त्यानंतर तो धक्क्यावर सुटं काम करू लागला. वॅगनीतून माल उतरवून धक्क्यावर ठेवायचा, तिथून पुढं नाही. पुढं न्यायला आता तीन लॉऱ्या होत्या. त्या भरून निघून जायच्या, आणि पुढची वॅगन लागेपर्यंत शांतवन रिकाम्या धक्क्यावर पाय सोडून बसायचा.